शिरू, तुझ्या तोंडाचा वास

शिरू, तू गेल्यापासून मला एका जागी बसवत नाही. शाळेत तास चालू असतो, खडू हातात असतो, आणि मी बोलता बोलता दारापर्यंत जाऊन परत येतो. पोरं एकमेकांकडे बघतात. घरी बायको म्हणते, जेवताना तरी टेका. टेकतो, दोन घास खातो आणि पुन्हा गॅलरीत. सारखा मनातल्या मनात तुला शिव्या देत असतो. त्यातल्या निम्म्या मालवणीत, कारण तुझ्याशी भांडायला शाळेतली मराठी मला कधी पुरलीच नाही.

लोक काय बोलतायत ते तुला सांगायलाच हवं. तुझ्यापासून काही लपवायची सोय तू कधी ठेवली नाहीस. दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्यांना दर रविवारी शहाणं करणारा माणूस आरेच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडून मेला, आणि इस्पितळातल्या डॉक्टरला त्याच्या अंगाला दारूचा वास आला. लोकांना एवढं पुरतं. स्मशानात तुझ्याच इमारतीतले काळे मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुटत नाही हो ती. जित्याची खोड." मी म्हटलं, "काळे, तो मेलाय. खोडीचं काय घेऊन बसलात?" त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान काही गेलं नाही.

मी त्यांना "तो प्यायला नव्हता" असं नाही म्हणालो. तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना तुझी बाजू घेतलेली तुलाच खपली नसती.

आपण कांदिवलीच्या एका चाळीत वाढलो, आपले बाप एकाच गिरणीत. मी विज्ञानाचा मास्तर झालो, तू रंगाच्या कंपनीत सेल्समन. कंपनीची जीप, गळ्यात टाय, दुकानदारांबरोबर बसायचं, पाजायची आणि प्यायची. धंद्याचाच भाग आहे म्हणायचास. मग एका संध्याकाळी मालाडला ती जीप केळ्यांच्या हातगाडीवर गेली. गाडीवाल्याचा पाय मोडला. अंधेरीच्या कोर्टात तू उभा होतास तेव्हा नलूवहिनी माझ्या शेजारी पदर तोंडात धरून बसली होती. मॅजिस्ट्रेट भला माणूस. चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड लिहून घेतला आणि तुला प्रोबेशन ऑफिसरच्या हवाली केलं. त्या दिवसापासून तू सोडलीस. कशी सोडलीस ते वहिनीला माहीत, तुझ्या उलट्या तिने काढल्या.

दोनेक वर्षांनी तू त्याच मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन उभा राहिलास. माझ्यासारखे येतात ते माझ्याकडे पाठवा, म्हणालास. दंड भरून सुटतात आणि बाहेर आल्यावर सुटल्याची पार्टी करतात, त्यापेक्षा रविवारी दोन तास माझ्यापुढे बसू देत. त्यांनी मान्य केलं. खोली मी मिळवली. हेडमास्तरांना सांगितलं, प्रौढ शिक्षणाचा वर्ग आहे. त्यात खोटं काय होतं?

पहिल्या रविवारी मी फळ्यावर यकृत काढलं, रंगीत खडूंनी. चांगलं जमलं होतं. समोर आठ-दहा माणसं, टेम्पोवाले, एक बँकेतला अधिकारी, एक बिल्डरचा मुलगा, सगळे जांभया देतायत. तू मागून उठलास आणि म्हणालास, "मास्तर, तुमचा कांदा पुसा आता." मग त्यांना विचारलंस, पोलिसाने पकडलं तेव्हा पहिली थाप काय मारली? आधी तू स्वतःची सांगितलीस, "साहेब, होमिओपॅथीच्या गोळ्या घेतल्यात." मग एकेक सुरू झाला. खोकल्याचं औषध. सासऱ्याच्या तेराव्याला सोलकढी आंबली होती. गाडीत बाटली फुटली. एक म्हातारा टॅक्सीवाला उठून म्हणाला, "सर्दी होती, बायकोने छातीला ब्रँडी चोळली." त्यावर बाकं वाजवून हसले सगळे. तू म्हणालास, हसा, कारण ही थाप पोलिसाला मारायच्या आधी आपण स्वतःला मारलेली असते. घरी जाऊन तू टॅक्सीवाल्याची ती थाप वहिनीला सांगितलीस आणि तीही पोट धरून हसली, हे तिनेच मला सांगितलं होतं.

वर्ग झकास चालला. टीव्हीवर रविवारी सकाळी देवांची मालिका सुरू झाली तेव्हा तू वर्गाची वेळ पुढे ढकललीस, रामाशी स्पर्धा नको म्हणालास. सगळेच सुधारले असं नाही. किती तरी बॉण्डची मुदत संपेपर्यंत आले आणि नंतर रस्त्यात दिसले तर नजर चुकवून गेले. पण काही मुदत संपल्यावरही येत राहिले. त्यांच्यासाठी तू कोर्टात जातीने हजर राहायचास. माझं तुझ्यावर प्रेम होतं, शिरू. हे मी तुझ्या तोंडावर बोललो असतो तर तू माझंच तोंड हुंगलं असतंस.

आणि आपलं भांडण नेमकं त्या हुंगण्यावरच होतं. वर्गाच्या दारात तू उभा. येणारा प्रत्येक जण आधी तुझ्यासमोर, मग मागून येणाऱ्यासमोर तोंड उघडून "हा" करणार, मग आत. तू स्वतः सगळ्यांच्या आधी, ज्याची पाळी असेल त्याच्यासमोर. बँकेतला अधिकारी टेम्पोवाल्याच्या तोंडाजवळ नाक नेतोय, टेम्पोवाला बिल्डरच्या मुलाच्या. मला किळस यायची. मी म्हणायचो, ही माणसं शिक्षा भोगून आलीत, त्यांना दारात जनावरासारखं हुंगायचं? कधीतरी विश्वास टाकावा माणसावर. तुझं उत्तर ठरलेलं, आणि ते मालवणीतच यायचं. "विश्वास ठेवून ठेवूनच तुमी माका बुडवलात. आयशीन ठेवलो, नलून ठेवलो, तुया ठेवलंस. एकान जरी तोंड हुंगला असता तर त्या केळेवाल्याचो पाय शाबूत रवलो असतो."

घरीही तेच. संध्याकाळी आलास की चपला काढायच्या आधी उंबऱ्यात उभा राहून वहिनीसमोर "हा" करायचास. तिने कधी मागितलं नव्हतं. सुरुवातीला ती लाजायची, दार लोटून घ्यायची, शेजारी काय म्हणतील. मग तिला सवय झाली. हातातलं पीठ तसंच, ती मान पुढे करायची आणि तू आत यायचास. इतकी वर्षं, एक संध्याकाळ चुकवली नाहीस. मी म्हणायचो, अरे, ती तुझी बायको की जकात नाका?

शेवटचा रविवार आठव. पवईचा कदम दारात आला, टेम्पो चालवणारा. तू नाक पुढे केलंस आणि म्हणालास, परत जा. तो म्हणाला, सर, आईशप्पथ घेतलेली नाही, दाढ दुखते म्हणून लवंगेचं तेल लावलंय. वर्गातले हसले. आणखी एक थाप. कदम हसला नाही. मी मध्ये पडलो, त्याचा गाल खरंच सुजलेला दिसत होता. तू सगळ्यांसमोर मला म्हणालास, "मास्तर, तुम्ही यकृत काढा." कदम गेला. मी वर्ग सुटायच्या आधीच निघालो. तुला न सांगता निघालो आणि त्या आठवड्यात तुझ्याकडे फिरकलोही नाही. राग होता. अजून आहे, खोटं का बोलू.

गुरुवारी तू स्कूटर काढून पवईला कदमाकडे गेलास. कशाला गेलास ते मला कळत नाही, आणि सगळ्यात जास्त तेच मला छळतं. परतताना आरेतून येत होतास. म्हशींच्या गोठ्यांकडे जाणाऱ्या ट्रकमधून ओला चारा रस्त्यावर सांडला होता, त्यावरून चाक घसरलं. संध्याकाळची वेळ, जानेवारीतली आरेची थंडी. कुणीतरी तुला दूध सोडून परतणाऱ्या गाडीत घातलं आणि इस्पितळात आणलं. आम्ही पोचलो तेव्हा तुझा श्वास चालू होता, शुद्ध नव्हती.

वहिनी खाटेजवळ गेली आणि सवयीने वाकली. तुझ्या तोंडाशी मान नेली, रोज उंबऱ्यात न्यायची तशी. मी तिचा चेहरा बघितला. दार लागावं तसा तो मिटला. ती सरळ उभी राहिली, पदर खांद्यावरून घेतला आणि बाकावर जाऊन बसली. काही वेळाने तू गेलास. ती उठली नाही.

ती रडली नाही, शिरू. बायका रडवायला आल्या, गळ्यात पडल्या, पण नाही. दहाव्याला तुझा धाकटा भाऊ सगळं करून आला, तिने कावळा शिवला का एवढंही विचारलं नाही. मला एकदाच म्हणाली, "भाऊजी, रोज संध्याकाळी मला वास देत होते. म्हणजे दिवसा घेत असतील ना? संध्याकाळपर्यंत उतरत असेल." मी म्हटलं, असं नाही होत, वास राहतो. ती म्हणाली, "तुम्ही विज्ञानाचे मास्तर, तुम्हाला त्यांनी कधी फसवलं होतं का पूर्वी? मला फसवलं होतं." तुझं रक्त तपासायला पाठवलंय म्हणतात, उत्तर कधी येईल देव जाणे. ती म्हणते, आलं तरी मला सांगू नका. सगळा संसार तिच्या डोळ्यांसमोर उसवत चालला होता. तुझ्या चांगल्या वर्षांवरचासुद्धा तिचा विश्वास उडत होता, मागे मागे जाऊन एकेका दिवसावरचा. मला हे बघवत नव्हतं. मेलेला माणूस पुन्हा रोज थोडा थोडा मरत होता.

म्हणून मी भटकायला लागलो. आधी कदमाकडे गेलो. त्याने मला बसवलं, गाल अजून बांधलेला होता. म्हणाला, "सर आले, इथेच बसले. चहा घेतला. माझ्या पोराची चौकशी केली. रविवारी ये, म्हणाले."

"तोंड हुंगलं का तुझं?"

"नाही."

"माफी मागितली?"

"तसं नाय काय बोलले. पण बसले होते बराच वेळ. ते एकदम बरे होते मास्तर, तुमची शपथ. फक्त चहा." मग तोच म्हणाला, "पण माझं कोण ऐकणार? मी दारूच्या केसमधला."

बराच वेळ बसला होतास आणि त्या रविवारबद्दल काही बोलला नाहीस. तुझ्यासारखा बडबड्या माणूस. मनात काय चाललं होतं रे? मला तेव्हापासून वाटतंय की तू मला येऊन सांगणार होतास. मग वाटतं, कसला सांगतोयस, तू माघार घेणाऱ्यातला नव्हतास. दोन्ही गोष्टी दिवसातून अनेकदा वाटतात.

मग आरेत जायला लागलो. बस पकडायची, त्या वळणावर उतरायचं, चाऱ्याच्या वाळलेल्या काड्या बघायच्या, टपरीवर चहा घ्यायचा, परत यायचं. काय शोधत होतो ते मलाही सांगता आलं नसतं. एका दुपारी टपरीवर एक म्हातारा माझ्याजवळ आला. खाकी शर्ट, गोठ्यांवरचा वॉचमन, परब नाव. मला विचारलं, "तुमी त्या स्कूटरवाल्यांचे कोण?" हेल ऐकून मी मालवणीत उत्तर दिलं. तेव्हा तो बसला, पण आधी टपरीवाला आत गेलाय ना ते बघून घेतलं.

तो म्हणाला, तू पडलास तेव्हा तोच धावला. तू थरथर कापत होतास. रक्त फार दिसत नव्हतं, त्याला वाटलं थंडी भरली. त्याच्या खोपटात गावाहून आणलेली काजूची दारू होती, औषधाला ठेवलेली. तुला मांडीवर घेऊन त्याने ती तुझ्या छातीला चोळली, तळपायांना चोळली. थोडी तोंडात घालायला गेला. "पण दात मिटलेले हुते हो. घट. ओठावरसूनच खाली गेली." पोलीस आले तेव्हा तो गोठ्यात जाऊन बसला. गावची दारू, परवाना नाही, नोकरीची दोनच वर्षं राहिलेली.

शिरू, आपल्या माणसाशिवाय हे कुणाला सुचलं असतं? माझी आईसुद्धा ताप भरला की तेच करायची, तुझीही करायची. गुजराती असता तर शेक दिला असता, कुणी नुसतं पाणी मारलं असतं तोंडावर. तुला मालवणचा भेटला.

 छातीला चोळली. वर्गातली सगळ्यात हास्यास्पद थाप, ती तुझी खरी गोष्ट निघाली. साक्षीदार दोन, एक दारूच्या केसमधला आणि एक चोरून दारू ठेवणारा. असली साक्ष घेऊन कुणी तुझ्या वर्गाच्या दारात आला असता तर तू त्याला आत घेतलं नसतंस. आणि ते मिटलेले दात. मला वाटलं, शुद्ध नसतानाही तू नको म्हणालास. बसस्टॉपवर उभा राहून हमसून हमसून रडलो मी. मग माझ्यातला विज्ञानाचा मास्तर म्हणाला, तसा मार लागला की कुणाचेही दात मिटतात. बस आली, गेली. मी तिथेच येरझाऱ्या घालत होतो.

परबला वहिनीकडे चला म्हटलं तर तो नाही म्हणाला. पोलीस, नोकरी. मी म्हटलं, तिथे पोलीस नाहीत, एक बाई आहे आणि ती रडत नाही. त्याने विडी विझवली आणि म्हणाला, "चला तर."

काल दुपारी त्याला घेऊन कांदिवलीला गेलो. रस्ताभर वाटत होतं, वहिनी हसेल. तूच तिला ती टॅक्सीवाल्याची गोष्ट सांगितली होतीस. ती हसली तर सगळं संपलं, त्यानंतर तुझ्या बाजूने बोलायला काही उरलंच नसतं.

वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. परब खाली जमिनीवरच बसला, खुर्ची नको म्हणाला. त्याने सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं त्याच क्रमाने, तिच्याकडे न बघता. छातीशी आला तेव्हा अडखळला. मी फरशीकडे बघत होतो. तो दातांपर्यंत आला आणि थांबला. 

"वहिनी," मी म्हटलं, "हे परब माझ्या मते..."

तिने हात करून मला गप्प केलं. मला वाटलं, आता विचारेल की तुमची बाटली कुठेय, दाखवा. की उलट विचारेल, ह्याला किती पैसे दिलेत भाऊजी. तुझ्या हाताखाली तयार झालेली बाई, ती कशाला सोडते.

ती परबच्या समोर येऊन खाली बसली.

"त्यांना फार थंडी वाजत होती का हो?" तिने विचारलं.

शिरू, इतके दिवस आम्ही सगळे तुझ्या वासाचंच विचारत होतो. डॉक्टर, पोलीस, काळे, मी. तुला थंडी वाजत होती का, हे एकालाही सुचलं नव्हतं.

परबने पहिल्यांदा वर बघितलं. "वाजत हुती, बाय. लय कापत हुते," तो म्हणाला. "पण मी चोळीतच रवलंय. मगे पाय गरम झाले हुते त्येंचे."

तेव्हा ती रडली.